क्रीमच्या खोक्याची मागची बाजू

भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर त्यातल्या घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. गिऱ्हाइकाच्या हाती असलेली ही सर्वांत भरवशाची माहिती, आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते. खोक्याच्या पुढच्या बाजूवर ‘ग्लो’, ‘रिपेअर’, ‘अँटी-एजिंग’ हे शब्द असतातच. हल्ली त्यांच्या जोडीला नियासिनामाइड, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी अशी घटकांची नावेही ठळक अक्षरांत येऊ लागली आहेत. घटकाचे नाव कळले म्हणजे क्रीम कळले, असा समज त्यातून पसरला आहे. माझे म्हणणे असे की नावापासून तुलना फक्त सुरू होते. तो घटक त्वचेत शिरू शकतो का, किती मात्रेत आणि कोणत्या रूपात आहे, आणि तो घातलेले क्रीम व न घातलेले तेच क्रीम माणसांना लावून फरक दिसला आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले तर दुकानातली बहुतेक गर्दी बाजूला होते. उरलेल्या चार-पाच वस्तूंसाठी फार पैसे मोजावे लागत नाहीत.

पहिला प्रश्न शिरकावाचा. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशी स्निग्ध पदार्थांत बसवलेल्या असतात, भिंतीतल्या विटा चुन्यात बसवाव्यात तशा. बाहेरचे आत येऊ न देणे आणि आतले पाणी बाहेर जाऊ न देणे हेच या थराचे काम. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू धडधाकट त्वचेतून आत जात नाहीत, असे २००० साली बॉस आणि माइनार्डी या शास्त्रज्ञांनी मांडले आणि तो अंदाज आजही कामाचा आहे. आता आकडे शेजारी ठेवून पाहा. ग्लायकोलिक अ‍ॅसिड ७६, नियासिनामाइड १२२, सॅलिसिलिक अ‍ॅसिड १३८, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी १७६, रेटिनॉल २८६. हे सगळे आत जाऊ शकतात. कोलॅजेनचा रेणू मात्र सुमारे तीन लाख डाल्टनचा असतो. कोलॅजेनचे क्रीम लावून त्वचेतले कोलॅजेन वाढणार नाही. ते वर बसून ओलावा धरेल, चेहरा काही तास मऊ वाटेल, इतकेच. पारंपरिक हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा रेणू तर दहा लाख डाल्टनच्याही पुढे जातो. पाणी धरून ठेवण्याचे काम ते उत्तम करते, पण तेच काम कितीतरी स्वस्त ग्लिसरीन अनेक दशके करत आले आहे. ‘सुरकुत्या आतून भरून काढते’ हे वाक्य अशा क्रीमच्या खोक्यावर दिसले, तर त्याला आधार काय, हे विचारायलाच हवे.

दुसरा प्रश्न मात्रेचा, आणि इथे घटकांची यादी कशी वाचावी हे कळण्याला महत्त्व आहे. बहुतेक क्रीममध्ये फिनॉक्सीइथेनॉल नावाचे परिरक्षक असते आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर आलेले घटक बहुधा एक टक्क्याच्या आत आहेत. पुढच्या बाजूवर केशराचे चित्र आणि यादीत केशराचा अर्क परिरक्षकाच्याही मागे, सुगंधाच्या शेजारी, अशी स्थिती असेल तर तुम्ही पैसे चित्राला देत आहात. मात्र ही खूण सगळीकडे सारखी लावू नये. रेटिनॉल एक टक्क्याच्या खालीच काम करते. युरोपीय संघाने तर २०२४ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. उलट ग्लिसरीन किंवा नियासिनामाइड दोन टक्क्यांच्या खाली असेल तर फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. कोणता घटक कोणत्या मात्रेत चालतो हे माहीत असल्याशिवाय यादीतल्या जागेला अर्थ येत नाही, म्हणून महत्त्वाचे घटक एकेक करून पाहू.

नियासिनामाइड हे ब ३ जीवनसत्त्वाचे रूप. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींकडून ते वरच्या पेशींकडे जाते, त्या वाहतुकीला नियासिनामाइड अडथळा करते. हे दाखवणारा २००२ सालचा अभ्यास पाच टक्क्यांच्या क्रीमवर होता. तो क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, आणि इथे पहिला आक्षेप येतो: कंपनीच्या पैशाने झालेल्या संशोधनावर विश्वास का ठेवावा? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर, दुसऱ्या कुणी तेच तपासले आहे का हे पाहणे. मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी २०११ साली वांग असलेल्या २७ स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला चार टक्के नियासिनामाइड आणि दुसऱ्या बाजूला वांगावरचे नेहमीचे औषध हायड्रोक्विनोन, तेही चार टक्के, आठ आठवडे लावले. चांगली किंवा उत्तम सुधारणा हायड्रोक्विनोनच्या बाजूला ५५ टक्के आणि नियासिनामाइडच्या बाजूला ४४ टक्के रुग्णांत दिसली, आणि नियासिनामाइडने त्रास कमी दिला. चाचणी लहान आहे, पण निष्कर्ष पहिल्याच्या दिशेने जातो. लक्षात घ्या, आकडे चार आणि पाच टक्क्यांचे आहेत. बाजारात दहा टक्क्यांच्या बाटल्या जास्त खपतात, कारण दहा हा पाचापेक्षा मोठा आकडा आहे. दुप्पट मात्रेने दुप्पट गुण येतो असे दिसलेले नाही. चुरचुर मात्र वाढू शकते. मुरुमांवरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. १९८६ मध्येच तुलना करून दिसले होते की अडीच टक्क्यांचे जेल लाल फोड कमी करण्यात पाच आणि दहा टक्क्यांच्या तोडीचे आहे, आणि दहा टक्क्यांपेक्षा त्वचेला कमी त्रास देते.

व्हिटॅमिन सीच्या बाबतीत मात्रेइतकेच रूपाला महत्त्व आहे. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड त्वचेत नीट शिरण्यासाठी द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप) साडेतीनच्या खाली लागतो आणि वीस टक्क्यांच्या पुढे मात्रा वाढवून शोषण वाढत नाही, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल यांनी २००१ साली दाखवले. १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि एक टक्का व्हिटॅमिन ई यांच्यात अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातले की द्रावण टिकाऊ होते आणि उन्हापासूनचे संरक्षण दुपटीने वाढते, हे २००५ मध्ये त्याच गटाच्या कामातून पुढे आले. पण हे अ‍ॅसिड हवा, उजेड आणि उष्णता यांनी लवकर बिघडते. नागपूरच्या किंवा जळगावच्या उन्हाळ्यात खिडकीशी ठेवलेली ड्रॉपरची पारदर्शक बाटली काही आठवड्यांत तपकिरी होईल, आणि मग तिच्यातले व्हिटॅमिन सी कामातून गेलेले असेल. म्हणून ते घ्यायचेच असेल तर गडद किंवा हवाबंद पंपाच्या बाटलीत, लहान आकारात घ्यावे आणि सावलीत ठेवावे. महाग क्रीम चांगलेच असणार, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने जे खरे आहे ते इथे आहे: घटक टिकवून धरणारे मिश्रण आणि वेष्टन बनवायला खर्च येतो. परंतु हा खर्च कशावर झाला ते तपासता येते. काचेची जड बरणी आणि सोनेरी झाकण यांनी व्हिटॅमिन सी टिकत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत तर ते अधिक लवकर बिघडते.

सुरकुत्या आणि उन्हाने आलेले म्हातारपण यांवर सर्वांत भक्कम पुरावा रेटिनॉइडांचा, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातल्या घटकांचा, आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ट्रेटिनॉइन मुरुमांवर आणि १९८६ मध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर वापरून दाखवले. ट्रेटिनॉइन हे औषध आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे. दुकानात सहज मिळते ते रेटिनॉल. त्वचेत त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक अ‍ॅसिड होते, म्हणून ते सौम्य आणि संथ असते. तेही काम करते का? मिशिगन विद्यापीठाच्या २००७ च्या चाचणीत सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३६ जणांच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉलचे लोशन आणि दुसऱ्या दंडावर रेटिनॉल नसलेले तेच लोशन लावले गेले. २४ आठवड्यांनी रेटिनॉलच्या दंडावरच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे असावे, याचा हा नमुना आहे. नुसते लोशन लावूनही त्वचा बरी दिसते, त्यामुळे ‘वापरण्याआधी’ आणि ‘वापरल्यानंतर’ अशा दोन छायाचित्रांतून काहीच सिद्ध होत नाही. फरक घटकाने पडला की ओलाव्याने, हे अशा जोडीच्या तुलनेतूनच कळते. रेटिनॉल रात्री, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढेच घ्यावे आणि महिनाभर त्वचेला सवय होऊ द्यावी. गरोदर असताना किंवा गरोदर राहण्याचा विचार असताना कोणतेही रेटिनॉइड लावू नये. तेव्हा मुरुम किंवा डाग असतील तर अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड सुरक्षित मानले जाते. तेही डॉक्टरांना विचारूनच.

या सगळ्यांच्या आधी येते सनस्क्रीन, कारण ते नसेल तर डाग घालवण्यासाठी रात्री केलेले काम दिवसा वाया जाते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधील नॅम्बर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाचणी झाली. निम्म्या लोकांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, उरलेल्यांना हवे तेव्हा. २०१३ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वाढत्या वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. यावर आपल्याकडे हमखास म्हटले जाते की ते गोऱ्या लोकांचे झाले, आपल्या सावळ्या कातडीला निसर्गानेच छत्री दिली आहे. यातला अर्धा भाग खरा आहे. मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आपल्याला त्वचेचा कर्करोग फार कमी होतो. पण आपली तक्रार कर्करोगाची नसते, वांगाची आणि मुरुमांनंतर राहणाऱ्या काळ्या डागांची असते, आणि तिथे सावळी त्वचाच जास्त नाजूक ठरते. अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे झालेल्या २०१० च्या अभ्यासात नुसत्या दृश्य प्रकाशाने, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाने, सावळ्या त्वचेवर गडद आणि आठवडे टिकणारा रंग उमटला. गोऱ्या त्वचेवर तो उमटलाच नाही. एसपीएफचा आकडा या प्रकाशाबद्दल काहीच सांगत नाही. तो मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी किरणांपासूनच्या संरक्षणाचे माप आहे आणि ३० च्या पुढे त्यात फार फरक राहत नाही: ३० मध्ये सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडते, ५० मध्ये ९८. यूव्हीए किरणांसाठी ‘पीए’ पुढची अधिकचिन्हे पाहावीत, तीन किंवा चार असावीत. दृश्य प्रकाश अडवायचा तर सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड हवे. यादीत सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे क्रमांक दिसले तर ते आहे असे समजावे. त्वचेच्या रंगाचे, टिंटेड म्हणून विकले जाणारे सनस्क्रीन बहुधा याच प्रकारचे असते. आयर्न ऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनने वांग पुन्हा गडद होणे जास्त रोखले, असे २०१५ मधल्या फ्रेंच चाचणीत आढळले. वांग असलेल्या स्त्रीसाठी दोन सनस्क्रीनमधला हा फरक एसपीएफ ३० आणि ५० मधल्या फरकापेक्षा फार मोठा आहे, आणि तो खोक्याच्या पुढच्या बाजूवर सहसा लिहिलेला नसतो.

मात्रा इथेही निर्णायक आहे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून एसपीएफ मोजतात. लोक प्रत्यक्षात त्याच्या पाव ते निम्मे लावतात. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेषा लागतात. म्हणून रोज मोकळ्या हाताने लावता येईल असे परवडणारे सनस्क्रीन, पुरवून पुरवून लावाव्या लागणाऱ्या महाग सनस्क्रीनपेक्षा चांगले.

मॉइश्चरायझरबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. ग्लिसरीन किंवा युरिया पाणी धरतात, सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले त्वचेच्या वरच्या थराची डागडुजी करतात, पेट्रोलॅटम पाणी उडू देत नाही. कोरड्या त्वचेला तिन्ही गोष्टी हव्यात, तेलकट त्वचेला हलके जेल पुरते. १८७२ साली पेटंट मिळालेल्या पेट्रोलियम जेलीहून पाणी अधिक चांगले अडवणारा घटक आजही सहज सापडत नाही.

दुसरा मोठा आक्षेप नैसर्गिकाच्या बाजूने येतो: रसायने कशाला, स्वयंपाकघरातले लावावे. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनाही तेच तीन प्रश्न विचारावेत. खोबरेल तेल त्यात उत्तीर्ण होते. फिलिपीन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. पण मुरुमांच्या चेहऱ्यावर तेच तेल रंध्रे बुजवू शकते. लिंबाचा रस मात्र कुणीही चेहऱ्याला लावू नये. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि लिंबातली काही द्रव्ये ऊन लागताच त्वचा पोळतात. मागे राहणारा काळा डाग महिनोन् महिने जात नाही. ‘पॅराबेनमुक्त’ या शब्दाचीही अशीच छाननी करावी. २००४ मध्ये स्तनाच्या गाठींत पॅराबेन हे परिरक्षक सापडल्याची बातमी जगभर झाली, पण निरोगी ऊतींशी तुलनाच त्या अभ्यासात नव्हती. भीतीपोटी अनेक उत्पादकांनी पॅराबेन काढून मिथाइलआयसोथायझोलिनोन वापरले आणि युरोपात त्याच्या अ‍ॅलर्जीची लाट आली. न धुता ठेवायच्या क्रीममध्ये ते वापरण्यावर २०१७ मध्ये तिथे बंदी घालावी लागली. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली पॅराबेनचा गौरव केला तो ‘अ‍ॅलर्जी न करणारा पदार्थ’ म्हणून. नाजूक त्वचेच्या माणसाने टाळावा असा घटक बहुतेकदा यादीच्या शेवटी असतो: पार्फम किंवा फ्रेग्रन्स.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते. आपल्या बाजारात सर्वांत धोक्याचे क्रीम तेच असते, ज्याचा गुण सर्वांत लवकर दिसतो. आठवड्याभरात चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये बहुधा दोहोंपैकी एक असते: स्टिरॉइड किंवा पारा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. महिनोन् महिने लावल्यास चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, मुरुम येतात, आणि क्रीम बंद करताच चेहरा इतका जळजळतो की बाई पुन्हा तेच क्रीम लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचे मिश्रण मेडिकलच्या दुकानात मागितल्यावर मिळते, आणि एकीने दुसरीला नाव सांगितले एवढ्यावर लग्नाआधी महिनोन् महिने वापरले जाते. वांगावर हे मिश्रण डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात तेव्हा ते उपयोगी औषध आहे. नजर ठेवणारे कुणी नसेल तेव्हा इजा करणारे. पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर. तो रंगद्रव्याची निर्मिती थांबवतो, त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराच्या २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेक जण सुधारले. अशा डब्यांवर घटकांची यादी नसते, उत्पादकाचा पत्ता नसतो, परवाना क्रमांक नसतो. यादी नसणे हेच इथे उत्तर आहे. आणि मुळात सावळा रंग हा बरा करण्याचा आजार नाही. डाग घालवणे आणि जन्मजात रंग बदलणे यांत वैद्यकीय फरक आहे, आणि दुसरे काम सुरक्षितपणे करणारा घटक अस्तित्वात नाही.

एवढे वाचून कुणी म्हणेल की सामान्य माणसाने ही उठाठेव का करावी, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जमेल त्याने जरूर जावे. पण पुढच्या भेटीपर्यंतची खरेदी आपली आपणच करत असतो. तिच्यासाठी क्रम असा ठेवावा: आधी सनस्क्रीन आणि साधे मॉइश्चरायझर, मग आपल्या एका मुख्य तक्रारीसाठी एक घटक. डागांना नियासिनामाइड, बारीक सुरकुत्यांना रेटिनॉल, बुजलेल्या रंध्रांना दोन टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड आणि रेटिनॉल एकाच वेळी सुरू करू नये. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावी, आणि चेहऱ्यावर सुरू केल्यावर आठ ते बारा आठवडे दुसरे काही बदलू नये, नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कळणार नाही. घरात कुणी बिननावाच्या डब्यातले उजळपणाचे क्रीम लावत असेल तर ते आजच बंद करायला सांगा, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर लघवीची प्रथिनांसाठी तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरकडे जाताना तो डबा बरोबर न्या.